नदीखात्याच्या खुल्या दिवसाला जाताना

आमच्या इमारतीत कोल्हापूरहून आलेलं एक तरुण जोडपं राहतं. गेल्या हिवाळ्यात ती मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "ताई, रविवारी धक्क्यावर खात्याच्या बोटी बघायला सोडणार आहेत म्हणे. बसवून फिरवतातसुद्धा. जाऊ का आम्ही?" मी म्हटलं, "जा की. पण भरती बघून जा." ती हसली. तिला वाटलं, ही इथल्या लोकांची काहीतरी म्हण असणार. दोघं सकाळी दहाला पोचली आणि बाराच्या आत परत आली. हातात एक माहितीपत्रक, डोक्यावर कागदी टोपी, पायांना घोट्यापर्यंत चिखल. बोट धक्क्याला होती, पण तिच्याखाली पाणी नव्हतं. त्या दिवशी पंचमी होती.

पंचमीचा आणि बोटीचा संबंध ज्यांना लगेच कळला त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांसाठी, म्हणजे नोकरीधंद्यानिमित्त गोव्यात नव्याने आलेल्यांसाठी, अशा चार-पाच खुल्या दिवसांत मला जे उमगलं ते क्रमाने लिहिते.

आधी दिवस कुणाचा आहे ते शोधा

महाराष्ट्रात पाण्याचं काही निघालं की आपण पाटबंधारे खात्याचं नाव घेतो आणि मोकळे होतो. गोव्यात तसं जमत नाही. इथे एकाच नदीला पाच-सहा मालक आहेत आणि प्रत्येकाची हद्द वेगळी.

पाण्यावर जे तरंगतं ते बंदर कप्तान खात्याचं. बोलताना सगळे कॅप्टन ऑफ पोर्ट्सच म्हणतात. हे खातं पोर्तुगीज अमदानीपासूनचं, आणि त्याची कचेरी पणजीत मांडवीच्या काठावरच आहे. बोटींची नोंदणी, बोट चालवणाऱ्यांचे परवाने, नदीत वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा म्हणजे बोया, धक्के हे सगळं त्यांच्याकडे. फेरीबोटी मात्र त्यांच्या नव्हेत. त्या नदी परिवहन खात्याच्या, आणि तो कारभार समोरच्या काठावर बेतीहून चालतो. धरणं, कालवे, पूरसंरक्षक भिंती जलस्रोत खात्याकडे. साळावली, अंजुणे ही धरणं त्यांचीच. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीच्या, बांधांत कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग आणि गावातल्या कुळांची संघटना असे दोघेही असतात. काठावरची खारफुटी वन खात्याची. मुरगाव बंदर केंद्राचं.

यावर कडी म्हणजे राष्ट्रीय जलमार्ग. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण २७ ऑक्टोबर १९८६ ला स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नोएडाला. २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले आणि त्यात गोव्यातले सहा आले: शापोरा २५, कुंभारजुवे २७, मांडवी ६८, म्हापसा ७१, साळ ८८ आणि झुआरी १११. झुआरीचा नंबर शेवटचा का, म्हणून मी एकदा फार विचार केला होता. कारण अगदी साधं निघालं. पहिले पाच जुने जलमार्ग सोडले तर बाकीची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली आहे, आणि झेडच्या पुढे अक्षरच नाही. यात मांडवीचा जलमार्ग उसगावच्या पुलापासून समुद्रापर्यंत ४१ किलोमीटर, झुआरीचा सावर्ड्याच्या पुलापासून मुरगावपर्यंत ५० किलोमीटर आणि कुंभारजुव्याचा १७ किलोमीटर.

हे सगळं पाठ करायला नको. पण जाहिरातीत खात्याचं नाव काय आहे ते नीट वाचा आणि आपल्या मनातला प्रश्न त्याच खात्याचा आहे का ते बघा. फेरीबोट उशिरा येते ही तक्रार घेऊन तुम्ही बंदर कप्तानांच्या टेबलापाशी गेलात, तर समोरचा माणूस सभ्यपणे मान डोलावील, चहा पुढे करील, आणि तुमची तक्रार त्या चहाबरोबर संपेल.

आणखी एक गोष्ट. म्हादईचा, म्हणजे मांडवीच्या पाण्याच्या वाटपाचा, विषय तिथे काढू नका. विषय महत्त्वाचा नाही असं नाही. आम्हा गोवेकरांना तो रोजच्या जेवणाइतका जवळचा आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला, त्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, आणि तेव्हापासून भांडण कोर्टात आहे. मंडपातल्या कनिष्ठ अभियंत्याला त्यावर तोंड उघडायची मुभाच नसते. तुम्ही विचारलंत की तो गप्प होतो आणि पुढच्या प्रश्नांनाही जपून उत्तरं देतो. मागे रांगेत उभ्या असलेल्यांचं त्यात नुकसान.

तारीख

अशा दिवसांचं पक्कं वेळापत्रक नसतं, पण काही तारखांच्या आसपास कान उघडे ठेवावेत. २२ मार्च हा जागतिक जल दिन. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन, कारण १९१९ साली याच तारखेला लॉयल्टी ही भारतीय मालकीची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. ४ डिसेंबर नौदल दिन. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था नदीखात्यात मोडत नाही, पण तिची मातृसंस्था सीएसआयआर २६ सप्टेंबरला स्थापना दिन पाळते. त्या सुमारास तिथली दारं उघडी असतात का ते जरूर विचारून बघा.

पावसाळ्यात काही होत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, नदी गढूळ आणि जोरात. नोव्हेंबर ते मार्च हाच खरा हंगाम.

जाहिरात मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर येते, पंचायतीच्या फलकावर लागते, आणि बऱ्याचदा फेरीधक्क्याच्या शेडमध्ये खांबाला चिकटवलेली असते. वाचून झाल्यावर फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: बोटीची फेरी आहे का, नाव आधी नोंदवायचं का, लहान मुलांना वयाची अट आहे का. चौथी गोष्ट, म्हणजे बोट नक्की किती वाजता सुटेल, हे फोनवरचा माणूस सांगेल ते ऐकून घ्या. पण त्यावर विसंबू नका.

भरतीचा हिशोब

कार्यक्रमपत्रिकेवर दहा ते पाच छापलेलं असतं. नदी ती पत्रिका वाचत नाही. समुद्राचं पाणी गोव्यातल्या नद्यांत फार आतपर्यंत चढतं. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. कोंकणीत ओहोटीला सुकती म्हणतात, आणि तो शब्द कानावर असू द्या, कारण धक्क्यावरचा खलाशी तुम्हाला "सुकती आसा, मागीर येयात" (ओहोटी आहे, नंतर या) असंच सांगणार. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या रविवारी दहाला भरती असेल तर पुढच्या रविवारी त्याच सुमाराला नेमकी ओहोटी.

कोकणात याचा जुना आणि सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. हिशोब तासभर इकडेतिकडे होतो, आणि नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. पणजीला पाणी उतरायला लागलेलं असताना वर उसगावच्या बाजूला ते अजून चढत असतं. पण सकाळी जायचं की दुपारी, एवढं ठरवायला हे पुरतं. आता शेजारणीची पंचमी लावून बघा. पाचची पाऊणपट पावणेचार. भरती पावणेचारला, ओहोटी पावणेदहाला. ती दोघं दहाला तिथे हजर! मोबाइलवर मुरगावचं भरतीचं कोष्टक मिळतं, ते जास्त अचूक. तरी मी कालनिर्णय बघूनच निघते, सवय म्हणून.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. बोटीत बसायचं असेल तर भांगाचा दिवस निवांत. पण काही शिकायचं असेल तर उधाणाचा दिवस निवडा, आणि ओहोटीला जाऊन भरतीपर्यंत थांबा. एरवी पाण्याखाली असलेलं सगळं उघडं पडतं: धक्क्याचे खांब, त्यांच्यावरचे कालवांचे थर, बोया बांधलेल्या साखळ्या, चिखलात रुतलेली एखादी जुनी होडी.

निघताना

मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, साध्या चपलेने घात होतो. टोपी घ्या, छत्री नको; बोटीत छत्री उघडली की शेजारच्याच्या डोळ्यात जाते. ओळखपत्र, पाण्याची बाटली, फोनला प्लॅस्टिकची पिशवी, एक वही आणि पेन्सिल. पेनची शाई ओल्या कागदावर पसरते, म्हणून पेन्सिल.

गाडी शक्यतो नेऊ नका. कार्यक्रम नदीपलीकडे असेल तर फेरीबोटीनेच जा. पायी माणसाला तिकीट लागत नाही, आणि खुल्या दिवसात जे बघायचं त्याचं निम्मं तिथेच दिसतं: रॅम्प कसा खाली येतो, प्रवाह आडवा असताना बोट धक्क्याच्या वरच्या अंगाला नेम धरून कशी चालवतात, खलाशी दोर कधी आणि कुठे टाकतो. वेळ असेल तर रायबंदरहून चोडणची फेरी घ्या. २०२५ पासून या मार्गावर नव्या रो-रो बोटीही (गाड्या चालवतच चढवता-उतरवता येतात अशा) चालतात. जुनी आणि नवी बोट पाठोपाठ बघता येते.

नकाशाच्या टेबलापाशी

मंडपात शिरल्या शिरल्या सगळे बोटीच्या टोकनच्या रांगेकडे धावतात. तुम्हीही टोकन घ्या, त्यात लाज कसली. पण ते खिशात टाकून नकाशाचं टेबल गाठा. तिथे गर्दी नसते, कारण नकाशा बघून मुलं कंटाळतात आणि मुलं कंटाळली की आईबाप हलतात. तिथल्या माणसाला सकाळपासून कुणी नीट काही विचारलेलं नसतं. तो खुशीत येतो.

नौकानयनाचा नकाशा म्हणजे उलटा नकाशा. जमिनीचा भाग जवळजवळ कोरा, आणि पाण्यावर आकडेच आकडे. हे आकडे खोलीचे, मीटरमध्ये. पण आज आत्ता किती खोल आहे ते हे आकडे सांगत नाहीत. पाणी सगळ्यात खाली उतरतं तेव्हा जी पातळी असते, जवळपास तिथून ही खोली मोजलेली असते. म्हणजे कागदावर दीड लिहिलं आहे आणि या क्षणी भरती सव्वा मीटर आहे, तर खरी खोली पावणेतीन. बोट पाण्याखाली मीटरभर बुडत असेल तर ती खुशाल जाईल. सुकतीला तीच बोट अर्ध्या मीटरवरून सरपटते. काही आकड्यांखाली रेघ असते. ते सगळ्यात सावधपणे वाचायचे, कारण तो भाग ओहोटीला कोरडा पडतो आणि आकडा पाण्याची खोली नव्हे तर चिखलाची उंची दाखवतो. तळ कसला आहे त्याचीही अक्षरं असतात; एम म्हणजे चिखल, एस म्हणजे वाळू.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्या माणसाला, पन्नाशीचे असतील, सरळ म्हटलं, "बाब, मला यातलं काही कळत नाही, माझं गाव दाखवा." त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने नदी वर वर नेली, एका वळणावर थांबले आणि विचारलं, "हांगा?" ज्या वळणावर आम्ही लहानपणी उड्या मारायचो तिथे दोन आकडे होते, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. एक होता ०.७ आणि दुसरा ६. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ खरवडतो आणि खोल करतो, आतल्या अंगाला गाळ टाकतो. आई आम्हाला बाहेरच्या अंगाला जाऊ द्यायची नाही, ते का, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्या टेबलावर कळलं.

तुम्हीही तेच करा. आपल्या घराजवळचं पाणी दाखवायला सांगा. नकाशा एकदा ओळखीच्या जागेवरून वाचला की मग सगळा वाचता येतो.

त्याच टेबलावर बोयांचे रंग विचारून घ्या. आपल्याकडचा नियम असा की समुद्राकडून नदीत शिरताना लाल बोय डाव्या हाताला राहते, हिरवी उजव्या हाताला. अमेरिकेत याच्या उलटं. बाहेर मंडपात बोय ठेवलेली असेल तर तिच्या तळाची साखळी आणि सिमेंटचा ठोकळा बघा. नदीत ती केवढीशी दिसते, आणि जमिनीवर माणसापेक्षा उंच.

मानस दिसली तर सोडू नका

जलस्रोत किंवा कृषी खातं सामील असेल तर मानशीची लाकडी प्रतिकृती मांडलेली असू शकते. बाहेरून येणारे तिच्याकडे खेळणं समजून बघतात आणि पुढे जातात. माझ्या मते सबंध मंडपात बघण्यासारखी तीच एक वस्तू, बाकी सगळं इतर राज्यांतही मिळेल.

गोव्यातली खाजन शेती म्हणजे खाडीच्या पातळीपेक्षा खाली असलेली जमीन, मातीचे बांध घालून पाण्याकडून मिळवलेली. या बांधात जिथे दार असतं ती मानस. लाकडी फळ्यांची दारं, बिजागरीवर तिरकी टांगलेली. नदीत भरती चढली की पाण्याचा दाब दारांना आत ढकलतो आणि ती चौकटीवर घट्ट बसतात. खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की बाहेरचा दाब उतरतो, आत साठलेलं पाणी दारांना बाहेर लोटतं आणि शेताचा निचरा होतो. मोटर नाही, चावी नाही, रात्री उठून कुणी जायला नको. प्रतिकृतीच्या एका बाजूला तांब्याभर पाणी ओतून बघू द्या म्हणा. दार आपोआप मिटताना बघायला पोरांइतकीच मोठ्यांना मजा येते.

पाणी उतरताना मानशीपाशी मासळी गोळा होते, म्हणून मासेमारीच्या हक्काची दरवर्षी पावणी होते, म्हणजे लिलाव. भांडणाचं मूळही इथेच. मासळी जास्त हवी म्हणून कुणी दार अवेळी उघडं ठेवलं की खारं पाणी शेतात घुसतं. कोरगुट नावाचा इथला भात बराच खारेपणा सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. तुमचा फ्लॅट खाजनाच्या काठावर असेल (पणजीच्या आसपास नवीन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा असतो आणि त्यांना ते माहीत नसतं), तर इथे विचारायचा प्रश्न हाच: आमच्या बाजूची मानस कुठे आहे, आणि ती सांभाळतं कोण? पावसात भरती आणि मुसळधार सर एकाच वेळी आली की तुमच्या पार्किंगमध्ये किती पाणी साठेल ते त्या दारावर ठरतं.

बोटीत

जीवरक्षक जाकीट घालताना तीन गोष्टी बघा: सगळे बकल लागले का, शिट्टी आहे का, आणि दोन्ही खांदे धरून वर ओढलं तर जाकीट हनुवटीपर्यंत येतं का. येत असेल तर ते सैल आहे. मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो बहुतेक आईबाप लोंबकळत सोडतात. बांधा.

बोटीत पुढे बसायला भांडण होतं. तुम्ही मागे, चालवणाऱ्याच्या जवळ बसा. भोंगे मोजता येतात. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे माझं इंजिन उलटं चालू आहे. आणि पाच किंवा जास्त छोटे भोंगे म्हणजे, बाबा, तुझं काय चाललंय मला कळत नाही. हा शेवटचा प्रकार सुट्टीच्या दिवशी मांडवीत हमखास ऐकू येतो.

फेरी मांडवीच्या मुखाकडे गेली तर आग्वादच्या वाळूच्या दांड्याबद्दल विचारा. पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी लाटा या दांड्यावर फुटतात आणि खनिजाच्या बार्जींना, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटींना, तिथून बाहेर पडणं धोक्याचं होतं. मग त्या मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरायच्या, झुआरीत उतरायच्या आणि आतल्या वाटेने मुरगाव गाठायच्या. दोन नद्यांना जोडणाऱ्या या अरुंद पाण्याला खाण व्यवसायात केवढी किंमत होती ते नकाशावर बघून पटत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा बार्जी धक्क्यांना लागून गंजत उभ्या राहिल्या होत्या. बार्जीवर उभं आयुष्य काढलेला एखादा म्हातारा खलाशी अशा दिवशी धक्क्यावर हटकून असतो. त्याला बोलता करा.

कुंभारजुव्याच्या बाजूला फेरी असेल तर मगरी दिसतात. ओहोटीला त्या चिखलाच्या काठावर ऊन खात पडतात, म्हणजे इथे उलट सुकती चांगली. दुर्भाट-बोरीकडच्या खाजनांत पौष अमावस्येला शेतकरी मातीची मगर करून पूजतात, या पूजेला मांगे थापणी म्हणतात. बोटीतून हात पाण्यात सोडू नका हे तुम्हाला सांगतीलच.

फेरीबोटींचं महत्त्व पटत नसेल तर पणजीच्या कुठल्याही साठीच्या माणसाला ५ जुलै १९८६ विचारा. त्या दिवशी मांडवीचा पूल कोसळला, आणि नंतर कितीतरी काळ अर्ध्या गोव्याचा संसार फेरीबोटींतून इकडून तिकडे गेला.

प्रश्न विचारायचा आणि अर्ज द्यायचा

खुल्या दिवशी अधिकारी समोर उभा असतो, हसतमुख असतो, आणि त्याच्या शर्टाला नावाची पट्टी असते. एरवी हे तिन्ही एकत्र मिळत नाही. म्हणून लोक त्याला घेरून नदीचं प्रदूषण, कॅसिनो, गोव्याचं भवितव्य असं काय काय विचारतात. त्याला ठराविक उत्तर पाठ असतं, ते तो देतो. तुम्ही एकच जागा धरा. अमुक गावच्या देवळामागच्या पायऱ्या, वरून चौथी खचली आहे, ओहोटीला काढलेला फोटो हा. अशा प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं. त्याला फोटो बघावाच लागतो.

पण नुसतं बोलून परत येऊ नका, हे मी ठेच लागून शिकले. माझ्या माहेरच्या गावात नदीच्या पायऱ्यांवर शेवाळ साठून दोन बायका पडल्या होत्या. एका खात्याच्या खुल्या दिवशी मी ते साहेबांना सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं आणि माहितीपत्रकाच्या पाठीमागे लिहून घेतलं. माझ्यासमोरच ते माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणीतरी पाहुण्याने ते उचलून नेलं. मी बघत होते, आणि संकोचाने काही बोलले नाही.

पुढच्या वर्षी मी घरूनच अर्ज लिहून नेला, दोन प्रतींत. जागा, तारीख, भरतीची वेळ, तीन फोटो. सुट्टीच्या दिवशी आवक-जावकचं टेबल नसतं, म्हणून साहेबांना एक प्रत दाखवून त्यांच्याकडून एवढंच कळून घेतलं की हा अर्ज कुणाच्या नावाने द्यायचा. सोमवारी कचेरीत जाऊन दिला, माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. महिन्याभरात दोन माणसं येऊन पायऱ्या घासून गेली. पुढच्या पावसानंतर शेवाळ परत आलं, आणि मी परत अर्ज दिला. हे असंच चालतं. उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, त्यात फक्त आवक क्रमांक टाकून विचारायचं की या कागदाचं पुढे काय झालं.

अर्ज मराठीत द्या, बिनदिक्कत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा आहे. बोलताना मात्र चार शब्द कोंकणीत बोलायचा प्रयत्न करा. चुकलात तरी समोरचा खूश होतो. वयस्क खलाशाला बाब म्हणा, अधिकाऱ्याला साहेब चालतं, आणि "भरती केन्ना?" (भरती कधी?) एवढं आलं तरी अर्धं काम झालं.

स्वतःची होडी किंवा छोटी मोटरबोट घ्यायचा विचार असेल तर नोंदणीच्या टेबलावर दहा मिनिटं जास्त काढा. १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. ओळखीतला दलाल अजून जुन्याच कागदांची यादी सांगत असेल तर ती इथे तपासून घ्या.

खाण्याचं काही विचारू नका. मंडपातला समोसा गार असतो. धक्क्याच्या वर, रस्त्याच्या कडेला कुठेतरी पातळभाजी-पाव आणि मिरचीची भजी मिळतातच. गर्दी खलाशांची असेल तिथे बसा.

शेजारीण यंदा परत गेली. आधी माझ्याकडे येऊन तिथी विचारून गेली, द्वितीया होती, दोनची पाऊणपट दीड. साडेअकराला तिचा फोटो आला. धक्क्याला लावलेली भरती मोजायची पट्टी, काळ्या-पांढऱ्या खुणांची, आणि खाली तिचा प्रश्न: "ताई, अजून सहा खुणा कोरड्या आहेत. थांबू का?"

मी लिहिलं, थांब. भजी खा.